फेयॉलची १४ तत्त्वं आणि आमचे १६ माग, प्रोजेक्टमध्ये नेमकं काय लिहू?

सोळा_माग

नमस्कार. बीबीए सेकंड इयरला आहे, सोलापुरात. घरी तेलुगु बोलतो त्यामुळं मराठी इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. मॅनेजमेंटच्या पेपरला प्रोजेक्ट दिलाय, आपल्या भागातला एक व्यवसाय घ्यायचा आणि कंपनी कशी चालवावी यावर हेन्री फेयॉलनं सांगितलेली १४ तत्त्वं तिथं कशी पाळली जातात ते लिहायचं, वीस पानं, सोमवारी सबमिट. वर्गातल्या निम्म्या पोरांनी मोबाईलचं शोरूम घेतलं नाहीतर बँकेची शाखा, मी म्हटलं आपला घरचाच कारखाना आहे अक्कलकोट रोडला, १६ माग, पूर्वी सगळ्या चादरीच होत्या आता टॉवेल जास्त, कुणाच्या दारात जाऊन विचारायला नको, दोन दिवसांत उरकतंय.

आता पस्तावलोय. काल सकाळपासनं वही घेऊन कारखान्यात बसलो तर एक तत्त्व धड पाळलेलं दिसंना. वडील आणि काका दोघं भागीदार. वडील जॉबरला (माग लावणारा-दुरुस्त करणारा मिस्त्री) सांगतात ७ नंबरच्या मागावर नवीन डिझाईन चढव, दहा मिनिटांनी काका येतात आणि म्हणतात कुणी सांगितलं, आधी जुना बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) संपव. तो बिचारा हातात पाना घेऊन दोघांच्या मधे उभा, मग पाना मागावर ठेवतो आणि सरळ चहाला जातो. शिस्त म्हणावी तर शनिवारी पगार झाला की सोमवारी निम्मे लोक गायब. ऑर्गनायझेशन चार्ट काढायला घेतला तर आज्जीला कुठं टाकू हेच कळंना, कारण सूत कुणाकडनं घ्यायचं हे अजून तीच ठरवती, वय ७८.

तीन प्रश्न आहेत. एक, काहीच पाळत नसतील तर खोटं लिहू का? दोन, युनिटी ऑफ कमांड आणि युनिटी ऑफ डायरेक्शन यात फरक काय, गाईडमध्ये वाचलं तर दोन्ही सारखंच वाटतंय. तीन, हे सिलॅबसमध्ये आहे का माहीत नाही, पण वडील म्हणतात धंदा नफ्यात आहे आणि तरी दर शनिवारी पगाराला पैसे जमवायला त्यांची पळापळ असते. हे फेयॉलमध्ये कुठं बसतंय?

पार्क_चौक_कट्टा

मोबाईल शोरूम घे बे. सर पण वाचत नाहीत, पानं मोजतात फक्त. आमच्या वेळी एकानं मधे चार पानं त्याच्या बहिणीच्या लग्नाचा खर्च लिहिलेला, तरी बी प्लस आला.

रिटायर_मास्तर

वरच्यांचं ऐकू नकोस, मी तीस वर्षं हे प्रोजेक्ट तपासलेत आणि वाचलेत पण. (लग्नाचा खर्च लिहिणारा माझ्याकडं आला असता तर त्याला मी बजेटिंगमध्ये मार्क दिले असते.)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, खोटं अजिबात लिहू नको, जे पाळत नाहीत तेच लिही आणि न पाळल्यानं काय होतं ते लिही. एक गोष्ट गाईडवाले सांगत नाहीत. फेयॉल हा काही वर्गात बसून तत्त्वं काढणारा माणूस नव्हता, खाणीतला इंजिनिअर होता. १८६० ला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फ्रान्समधल्या एका कोळसा-लोखंडाच्या कंपनीत लागला आणि १८८८ ला ती कंपनी बुडायला आली होती तेव्हा तिची सूत्रं त्याच्या हातात दिली. १९१८ पर्यंत त्यानं ती चालवली आणि चांगली चालवली, आणि हे सगळं लिहून काढलं १९१६ ला, म्हणजे वय ७५. तत्त्वं घट्ट नसतात, परिस्थिती बघून वापरायची असतात, हे त्यानंच म्हणून ठेवलंय. १४ हा आकडा पण काही पवित्र नाही, त्याला कामात सारखी लागली ती १४. तेव्हा तुमचा कारखाना तत्त्वांत बसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, त्याची कंपनी पण आधी बसत नव्हती.

आता दुसरा. युनिटी ऑफ कमांड माणसाबद्दल आहे, युनिटी ऑफ डायरेक्शन कामाबद्दल. जॉबरला हुकूम एकाच माणसाकडनं आला पाहिजे, हे कमांड. आणि एक टॉवेलची ऑर्डर घेतली तर तिचं सूत, डायिंग, बीम, विणणं, शिलाई, पॅकिंग हे सगळं एका प्लॅननं आणि एका माणसाच्या जबाबदारीवर चाललं पाहिजे, हे डायरेक्शन. आता तुझा ७ नंबरचा माग बघ. वरवर बघितलं तर दोन मालकांनी दोन हुकूम दिले, म्हणजे कमांडची अडचण. पण वडलांच्या डोक्यात नवीन पार्टीची ऑर्डर वेळेत द्यायची आहे आणि काकांच्या डोक्यात अर्धवट बीममध्ये अडकलेलं सूत मोकळं करायचं आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबरच आहेत, फक्त प्लॅन दोन आहेत. फेयॉल म्हणतो डायरेक्शन नसेल तर कमांड टिकूच शकत नाही. म्हणजे उद्या तू ठरवलंस की जॉबरला फक्त काकांनीच सांगायचं, तरी वडील काकांना जाऊन सांगणार आणि भांडण तिथं सरकणार. हे एवढं जरी नीट लिहिलंस तरी चार पानं भरतील आणि गाईडमधली नसतील.

आणखी एक, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारतात म्हणून. फ्रेडरिक टेलर, कामाच्या शास्त्रीय पद्धतीवरच्या १९११ च्या पुस्तकाचा अमेरिकन इंजिनिअर, त्यानं फंक्शनल फोरमनशिप सांगितली, म्हणजे एका कामगारावर आठ फोरमन, चार प्लॅनिंगचे चार शॉपमधले, एक स्पीड बघणार, एक दुरुस्ती, एक शिस्त असं. फेयॉलला हे मुळीच पटलं नव्हतं. तुमच्या जॉबरला दोघं झेपेनात, आठ आले तर तो चहाला गेलेला परत येणारच नाही.

आज्जीला चार्टमध्ये टाक, तुटक रेषेनं. त्याला अनौपचारिक संघटन म्हणतात आणि परीक्षक खूश होतो.

चटणी_भाकरी

मास्तरांचं सगळं बरोबर असेल, पण तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला कुणी हात लावंना. मी बीकॉम आहे, जुळे सोलापूरला कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं करते, बचत गटातनं सुरू केलेलं. कॉलेजात ब्रेक इव्हनचं गणित मी तोंडपाठ करून पैकीच्या पैकी घेतलेले आणि धंद्यात पहिलं वर्ष तेच गणित चुकलं, ते सांगते.

दहा भाकरीचं पाकीट, दुकानदाराला ८० ला द्यायचं. पीठ (मंगळवेढ्याकडची मालदांडीच लागते, दुसऱ्या ज्वारीची भाकरी एवढी पातळ थापता येत नाही, मी तरी नाही थापू शकत), गॅस, थापणाऱ्या बाईची भाकरीमागं मजुरी, पिशवी, सगळं धरून ५५ जातात. राहिले २५. महिन्याला गाळ्याचं भाडं, एक बाई पगारी, लाईट-फोन असं १५ हजार ठरलेलं, एक पाकीट नाही विकलं तरी जाणार. १५,००० भागिले २५, म्हणजे ६०० पाकिटं झाली की आपण काठावर आणि ६०१ पासनं नफा. मी ७०० विकायची आणि तरी पैसे कमीच. सासूबाई म्हणायच्या हिशोब लिहीत नाहीस म्हणून, मी लिहायची पण.

शेवटी कळलं की दहा पाकिटांतलं एक फुटून परत येतंय. कडक भाकरी ती, एसटीच्या डिकीतनं गेली की चुरा. दुकानदार त्याचे पैसे देत नाही पण माझे ५५ तर गेलेले असतात. म्हणजे दहा पाकिटांचे मला मिळतात ७२०, खर्च ५५०, राहिले १७०, पाकिटामागं १७. आता १५,००० ला १७ नं भागा, ८८३ येतात. मी ७०० वर खूश होते आणि काठ होता ८८३ ला! मग पिशवी सोडून पुठ्ठ्याचा डबा घेतला, ३ रुपये जास्त, नवऱ्यानं कटकट केली की खर्च वाढवला, पण फूट बंद झाली आणि काठ आला ६८२ वर.

तुमच्याकडं पण सेकंड माल, म्हणजे विणताना बिघडलेला, निघत असणार की. किती निघतो ते काकांच्या लाल वहीत आहे का बघ, बहुतेक नसणार. ठरवलं तसं होतंय का ते तपासणं, फेयॉलचा कंट्रोल म्हणतात तो हाच, लोकांवर ओरडणं नाही.

अनुभवी_टॉवेल

ताईंचं ब्रेक इव्हन छान आहे पण ह्या पोराच्या घरी दुखणं वेगळं आहे असं मला वाटतंय, कारण ते माझंपण आहे. २६ वर्षं टॉवेलमध्ये आहे. नफा आणि रोकड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बेटा, आणि नफा नसताना धंदा चार-पाच वर्षं ओढता येतो पण रोकड नसली तर चार शनिवार पण निघत नाहीत.

उदाहरण देतो, आकडे गोल धरलेत. १० लाखाची ऑर्डर. खर्च ९ लाख, नफा १ लाख, वडील म्हणतात धंदा नफ्यात आहे ते खरंच आहे. पण सूतवाला पंधरा दिवसांत पैसे मागतो, नाही दिले तर पुढचा माल सोडत नाही. कामगाराला दर शनिवारी. लाईटबिल महिन्याला. आणि ज्याला माल दिला ती पार्टी म्हणते नव्वद दिवस, आणि नव्वदाव्या दिवशी फोन केला की शेटजी गावाला गेलेले असतात. सरासरी ४ महिने तुझे ९ लाख बाहेर अडकले. ते तू कुठून आणलेस? बँकेची सीसी, म्हणजे धंद्यासाठी उचलायची कर्जमर्यादा, संपलेली असली की माणूस हातउसने घेतो २ टक्क्यानं, महिन्याला १८ हजार, चार महिन्यांचे ७२ हजार. एक लाखातले २८ हजार राहिले. आणि हे व्याज ऑर्डरच्या हिशोबात कुणी लिहीत नाही, ते "घरखर्चात" जातं, म्हणून कागदावर नफा दिसतो आणि शनिवारी पळापळ. पुस्तकात ह्याला वर्किंग कॅपिटल सायकल म्हणतात. आम्ही म्हणतो पैसा फिरंना.

कायदा आहे. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडनं माल घेतला की लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आता इन्कम टॅक्समध्येही आणलंय, मुदतीत दिलं नाही तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, तेवढं पाहिजे. पण तक्रार कोण करणार? एका पार्टीला मी नोटीस पाठवलेली, पैसे तीन आठवड्यांत आले आणि पार्टी कायमची गेली. अजून मला कळलं नाही ते शहाणपण होतं का मूर्खपणा. प्रोजेक्टमध्ये लिहायचं असेल तर एक कर, गेल्या वर्षातल्या पाच ऑर्डरी घे आणि सुताचे पैसे कुठल्या तारखेला गेले आणि पार्टीचे कुठल्या तारखेला आले एवढंच मांड. वडलांना न सांगता करू नको, ती वही घरातल्यांना पण दाखवत नसतात कधीकधी.

विणकराची_लेक

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. माझ्या वडलांनी २८ वर्षं माग चालवला, आई विड्या वळायची, आता मी पुण्यात एका कंपनीत एचआरला आहे. "सोमवारी निम्मे लोक गायब" हे वाचून थांबले. हे शिस्तीच्या मथळ्याखाली लिहू नको, निदान नुसतं तेवढंच लिहू नको.

नगावर मजुरी असते. सूत कच्चं आलं आणि धागा सारखा तुटायला लागला तर माग थांबतो, आणि नुकसान कुणाचं? सूत ठरवलं आज्जीनं, पैसे कापले गेले वडलांचे. लाईट गेली, तेच. बीम यायला उशीर झाला, मागाशेजारी बसून राहायचं, तेच. आणि जॉबर चहाला गेला तेव्हा ७ नंबरच्या मागावरचा माणूस काय करत होता हे तू तुझ्या प्रश्नात लिहिलंच नाहीस बघ. तो बसून होता आणि त्याची मजुरी बुडत होती. सोमवारी बीम तयार नसतो हे माहीत असलेला माणूस सोमवारी कशाला येईल? वडील स्वतः सोमवारी जायचे नाहीत, भाजी घेऊन यायचे आणि म्हणायचे आज माग झोपलाय.

टेलरचं ते श्मिटचं उदाहरण तुम्हाला पण असेल, लोखंडाचे ठोकळे उचलणारा, दिवसाला साडेबारा टनांवरनं साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. कॉलेजात मला कुणी सांगितलं नव्हतं की मजुरी १.१५ डॉलरवरनं १.८५ झाली. काम जवळजवळ चौपट आणि पैसे दीडपटीच्या जरा वर. आमच्या सरांनी हे "उत्पादकता वाढ" म्हणून फळ्यावर लिहिलं आणि मी वहीत उतरवून घेतलं, घरी वडलांना सांगितलं तर ते म्हणाले, त्याची पाठ किती वर्षं टिकली ते लिहिलंय का?

फेयॉलच्या यादीत रेम्युनरेशन म्हणजे योग्य मोबदला आहे, इक्विटी म्हणजे न्यायानं वागवणं आहे, नोकरीची स्थिरता आहे. चौदापैकी तीन यातच गेली. ती शोध.

पार्क_चौक_कट्टा

ताई भारी लिहिलं. माझा आजा जुन्या मिलमधे होता. मोबाईल शोरूमचं मी परत घेतो.

सोळा_माग

सगळ्यांचे आभार. विणकराची लेक ताई, तुमचं वाचून पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. मग सकाळी जाऊन बघितलं. मागच्या चार सोमवारांपैकी तीन सोमवारी ६ मागांवर बीमच नव्हते, कारण बीम शनिवारी संपतात आणि नवीन यायला सोमवार दुपार होती. काकांना विचारलं तर म्हणाले असंच असतंय पहिल्यापासनं.

काल शनिवारी दिवसभर जॉबरच्या मागं फिरलो. सकाळी ८ ते संध्याकाळी ६, त्याला एकूण २३ गोष्टी सांगितल्या गेल्या, वडलांनी ९, काकांनी ११, आज्जीनं घरनं फोनवर ३. त्यातल्या पाच एकमेकींच्या उलट होत्या. रात्री जेवताना वाचून दाखवलं. काका म्हणाले ११ नसतील, सात-आठ असतील. वडील म्हणाले मोजत बसायला पोरगं कॉलेजला घातलं का. आज्जी काही बोलली नाही, भात वाढला. सेकंड मालाचं ताई म्हणाल्या तसंच निघालं, वहीत कुठंच नाही, कोपऱ्यात ढीग आहे तेवढाच हिशोब. पाच ऑर्डरींच्या तारखा वडलांनी स्वतः काढून दिल्या, हे मला अपेक्षित नव्हतं, एका ऑर्डरचे पैसे १३७ दिवसांनी आलेत.

मास्तर, दोन शंका राहिल्या. रोकडीचं हे १४ मधल्या कुठल्या तत्त्वात टाकू? आणि माझं आत्तापर्यंत ९ तत्त्वांवरच लिहून झालंय, बाकीची पाच गाईडमधनं उतरवू का?

रिटायर_मास्तर

रोकड तत्त्वांत शोधू नको, एक पायरी मागं जा. फेयॉलनं आधी धंद्यातली कामं सहा गटांत पाडलीत, तांत्रिक, व्यापारी, वित्तीय, सुरक्षा, हिशोब आणि व्यवस्थापन. बघ, वित्तीय आणि हिशोब हे त्यानं दोन वेगळे गट धरलेत. पैसा उभा करणं-फिरवणं वेगळं आणि वहीत लिहिणं वेगळं. टॉवेलवाल्यांनी सांगितलं ते नेमकं ह्या दोघांच्या मधल्या फटीतलं आहे. १३७ दिवस तिथं टाक.

गाईडमधनं काही उतरवू नको. नऊच ठेव.

आणि जमलं तर व्हायवाच्या आधी वडलांचे एका दिवसाचे फोन मोज. मिंट्झबर्ग म्हणून एक आहेत, त्यांनी पाच कंपन्यांच्या प्रमुखांच्या मागं फिरून असंच टिपलं होतं, १९७३ ला पुस्तक आलं, निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपणारी निघाली. प्लॅनिंग, ऑर्गनायझिंग म्हणून आम्ही शिकवतो ते शांत बसून करायचं काम वाटतं, तसं नसतं. परीक्षकाला हे सांगितलंस तर तो पुढचा प्रश्न विसरेल.

सोळा_माग

मोजतो. आणि एक झालं आज. जॉबरनंच कुठनंतरी जुना फळा आणून दाराजवळ टांगला, माग नंबर १ ते १६ आखून. म्हणाला, जे काय असेल ते सकाळी आठला इथं लिहा, मला तोंडी सांगू नका. वडील आणि काका दोघांना पटलं, फक्त आता खडू कुणाकडं ठेवायचा यावर दुपारपासनं चाललंय.

रिटायर_मास्तर

आज्जीकडं दे. आणि पान नंबर टाकायला विसरू नको.